ड्रॅगन लिझर्ड कोणाला म्हणायचं? आधी जबडा बघा

प्रश्न असा आला आहे: ‘ड्रॅगन लिझर्ड’ म्हणजे नेमके कोणते सरडे? कोमोडो ड्रॅगन, इग्वाना, घोयरा आणि कुंपणावर मान हलवत बसणारा साधा सरडा हे सगळे एकाच घराण्यातले का? नसतील तर ओळखायचे कसे?

थोडक्यात आधी सांगून टाकते. ड्रॅगन लिझर्ड म्हणजे अगॅमिडी या कुळातले सरडे. आज या कुळात ५५०हून जास्त जाती मोजल्या जातात. कुंपणावरचा सरडा त्यात येतो, अगदी मधोमध. घोयरा, म्हणजे शॅमेलिऑन, त्यात येत नाही. पण तो यांचा सख्खा चुलतभाऊ आहे. इग्वाना दूरचा भाऊबंद. आणि ज्याच्या नावातच ड्रॅगन आहे तो कोमोडो ड्रॅगन या घरातला नाहीच. तो घोरपडीच्या कुळातला.

माझं काम सरड्यांच्या वर्गीकरणाचं. संग्रहातले नमुने काढायचे, खवले मोजायचे, जबडे भिंगाखाली धरायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: काटे, तुरा, रंग आणि आकार यांच्या भरवशावर ड्रॅगन ठरवू नये. हे सगळं गरजेप्रमाणे येतं आणि जातं. पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात ते दात.

आधी नावाचा घोळ मिटवू. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा ‘ड्रॅको’ हे नाव त्याने वीतभर लांबीच्या, झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या एका सरड्याला दिलं. प्राणिशास्त्रातला पहिला ड्रॅगन हा असा हाताच्या पंजावर मावणारा जीव आहे, आणि तो अगॅमिडी कुळातला आहे. कोमोडोच्या सरड्याचं शास्त्रीय वर्णन व्हायला १९१२ साल उजाडावं लागलं. इंग्रजीत या कुळातल्या सरड्यांना ड्रॅगन म्हणायची रीत ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त रुळलेली आहे. तिथे दाढीवाला ड्रॅगन, पाणड्रॅगन, काटेरी ड्रॅगन अशी नावं सर्रास चालतात, आणि आता तो शब्द सगळ्या कुळालाच चिकटला आहे.

आता दात. पाल, सापसुरळी, घोरपड, इग्वाना यांचे दात जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. झिजले किंवा पडले की त्यांच्या जागी नवे येतात, आणि हे आयुष्यभर चालतं. अगॅमिडी कुळात तसं नाही. इथे गालाकडचे दात जबड्याच्या काठावरच बसलेले असतात, हाडाशी एकजीव होऊन. सुकलेला जबडा भिंगाखाली धरला, की दात कुठे संपला आणि हाड कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. एकाच पात्याला करवतीसारख्या धारा काढाव्यात तसं दिसतं. दात त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी चपटे. तोंडाच्या अगदी पुढे मात्र दोन-चार सुळ्यांसारखे टोकदार दात असतात. ते वेगळ्या पद्धतीने बसलेले असतात आणि पुन्हा उगवू शकतात. भक्ष्य पकडायचं काम त्यांचं, चिरडायचं काम मागच्यांचं.

काठावरचे दात एकदा आले की बदलत नाहीत. पिल्लू वाढतं तसा जबडा मागच्या बाजूला लांबतो, आणि नवे दात रांगेच्या मागच्या टोकाला वाढत जातात. म्हणून रांगेतले पुढचे दात लहान आणि जुने, मागचे मोठे आणि नवे. एखाद्या वयस्क नराचा जबडा पाहिला तर हे फार स्पष्ट दिसतं: मागे धारदार त्रिकोण, मध्ये बोथट झालेले उंचवटे, आणि पुढे येता येता नुसती गुळगुळीत, तपकिरी, झिजलेली धार उरलेली. तिथे दात असे राहिलेलेच नसतात, सरडा सरळ हाडाने चावत असतो. झाडाच्या खोडातली वर्तुळं वाचावीत तसं या एका रांगेत त्या प्राण्याचं सगळं आयुष्य वाचता येतं. मला हा जबडा पाहायचा कधी कंटाळा आलेला नाही.

या रचनेचा तोटाही आहे. दाताच्या मुळाशी हिरड्यांचं आवरण पातळ असतं, हाड जवळजवळ उघडंच असतं. पाळलेल्या दाढीवाल्या ड्रॅगनना सारखी मऊ, गोड फळं खायला घातली की तिथे कीट साचतं, संसर्ग होतो आणि जबड्याचं हाड खराब होतं. गेलेला दात परत येत नाही, हे पाळणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच समजून घ्यायला हवं.

दात हा भरवशाचा साक्षीदार असला तरी त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते. न्यूझीलंडमधल्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या तुआतारा या प्राण्याची कवटी १८३१ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या हाती आली, तेव्हा काठावरचे दात पाहून त्यांनी त्याला अगॅमिडी कुळातच घातलं. १८६७ साली अल्बर्ट ग्युंथर यांनी दाखवून दिलं की तो सरडाच नाही; तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पूर्ण निराळ्या शाखेतला एकटा उरलेला वारस आहे. काठावरचे दात दोन्हीकडे स्वतंत्रपणे आले होते. दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातल्या टिकी इथल्या खडकांचं. तिथे सापडलेल्या एका इवल्याशा जबड्याला २००६ साली ‘टिकीग्वानिया’ नाव देण्यात आलं आणि तो ट्रायसिक काळातला, म्हणजे २० कोटी वर्षांहून जुना मानला गेला. तसं असतं तर सरड्यांचा सगळा इतिहास मागे ढकलावा लागला असता. २०१२ साली त्याची फेरतपासणी झाली. दातांची ठेवण आजच्या आशियाई ड्रॅगन सरड्यांशी इतकी तंतोतंत जुळत होती, की तो जबडा बऱ्याच अलीकडच्या सरड्याचा असून जुन्या थरात मिसळला असावा असा निष्कर्ष निघाला. इथे दातांनीच चूक पकडून दिली.

आता भाऊबंदकी. इग्वाना, ड्रॅगन आणि घोयरे मिळून सरड्यांची एक मोठी शाखा होते. तिच्यात दोन फांद्या. एकीत दात आतल्या बाजूला असलेले, म्हणजे इग्वाना आणि त्यांचे नातेवाईक. दुसरीत दात काठावर असलेले, म्हणजे ड्रॅगन आणि घोयरे. भूगोलही जवळपास तसाच वाटला गेला आहे. इग्वानांची फांदी मुख्यतः अमेरिकेत, शिवाय मादागास्कर आणि फिजीकडच्या बेटांवर; ड्रॅगन आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात ग्रीसच्या आसपास. मादागास्करमध्ये घोयरे भरपूर, पण मूळचा ड्रॅगन एकही नाही. जिथे एक फांदी फोफावली तिथे दुसरी सहसा नसते, आणि म्हणूनच दोघींनी दोन टोकांना अगदी सारखी दिसणारी लेकरं घडवली आहेत. ऑस्ट्रेलियातला काटेरी मोलोक आणि उत्तर अमेरिकेतला शिंगवाला सरडा शेजारी ठेवा: दोघे चपटे, काटेरी, मुंग्यांवर जगणारे. आग्नेय आशियातला हिरवा पाणड्रॅगन आणि अमेरिकेतला हिरवा इग्वाना यांच्यात तर जाणकारसुद्धा लांबून फसतात. तोंड उघडलं की मात्र निकाल लागतो.

घोयरा ओळखायला जबडा बघायची गरज नाही. त्याची बोटं दोन गटांत जुळलेली असतात, चिमट्यासारखी. डोळे शंकूसारखे बाहेर आलेले आणि एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे, जीभ लांब फेकता येणारी, शेपटी फांदीला वेढे घालणारी. ड्रॅगनमध्ये हे सगळं एकत्र कधी नसतं. तरीही नातं इतकं जवळचं, की १९८९ साली दोन्ही कुळं एकत्र करून सगळ्यांना घोयऱ्यांच्याच कुळात घालावं असा प्रस्ताव आला होता. पुढे जनुकांचा पुरावा आला आणि ड्रॅगन हे आपलं स्वतंत्र घराणं टिकवून राहिले.

कोमोडो ड्रॅगनबद्दल दोनच ओळी पुरेत. दुभंगलेली लांब जीभ सारखी आतबाहेर करत वास घेणं, आतल्या बाजूला बसलेले आणि सतत बदलणारे वाकडे दात, तीन मीटरपर्यंत जाणारी लांबी, ही सगळी घोरपडीची लक्षणं. ड्रॅगन सरड्याची जीभ आखूड, जाड, मांसल असते. टोकाला फार तर किंचित खाच. किडा टिपताना ती चिकट गादीसारखी पुढे येते.

कुळाच्या आत साधारण सहा उपकुळं मानतात. तीन छोटी आहेत. वाळवंटातले काटेरी शेपटीचे सरडे, म्हणजे थरच्या वाळवंटातला सांडा आणि आफ्रिका-अरबस्तानातले त्याचे भाईबंद, हे एक. हे मुख्यतः पाला खाणारे. प्रौढ झाल्यावर त्यांच्या वरच्या जबड्याचं पुढचं हाडच चोचीसारखं दाताचं काम करतं. दुसरे आग्नेय आशियातले बिळं करणारे फुलपाखरी सरडे. त्यांच्यातल्या काही जातींत नरच नसतात, माद्या आपल्याच प्रतिकृतींना जन्म देतात. तिसरे फिलिपाईन्स आणि इंडोनेशियातले शिडाच्या शेपटीचे सरडे, या कुळातले सर्वांत दांडगे, शेपटीसकट मीटरभर.

उरलेल्या तिघांत बहुतेक जाती येतात. आफ्रिका, पश्चिम आणि मध्य आशियातले खडकाळ, रखरखीत जागांचे अगामा एका उपकुळात. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचे ड्रॅगन दुसऱ्यात. यात गंमत अशी की आशियाच्या मुख्य भूमीवर त्यांचा एकच नातेवाईक राहतो, तो वर सांगितलेला हिरवा पाणड्रॅगन. ऑस्ट्रेलियातल्या पाणड्रॅगनलाही आधी त्याच्याच प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) धरत असत, कारण दोघे पाण्याकाठी राहतात आणि दिसायला सारखे. तपासल्यावर कळलं की ऑस्ट्रेलियातला पाणड्रॅगन तिथल्याच इतर ड्रॅगनना अधिक जवळचा आहे. आता त्याची प्रजाती वेगळी.

तिसरं उपकुळ दक्षिण आणि आग्नेय आशियाचं. कुंपणावरचा सरडा, उडता सरडा, पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे, श्रीलंकेतले नाकावर शिंग असलेले सरडे, सगळे यात. इथली विविधता मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते. मूळ घडण तीच ठेवून निसर्गाने तिच्यातून किती रूपं काढली, ते इथे शेजारी शेजारी पाहायला मिळतं.

बाहेरून काय बघायचं? पहिलं म्हणजे अंगावरचे खवले. सापसुरळीचे खवले तेल लावल्यासारखे चकचकीत, आणि डोक्यावर मोठी ठसठशीत तकटं. ड्रॅगनच्या डोक्यावर लहान लहान, ओबडधोबड खवले असतात, आणि अंगावरच्या खवल्यांना बहुतेकदा मध्ये उभी धार असते, त्यामुळे हाताला खरखरीत लागतं. दुसरं, डोळे: मिटणाऱ्या पापण्या आणि गोल बाहुली. हे दिवसाचे शिकारी आहेत, नजरेवर जगतात. भिंतीवरच्या पालीला पापण्या मिटता येत नाहीत. तिसरं, कानाचा पडदा. बहुतेकांत तो उघड दिसतो, काहींत खवल्यांखाली झाकलेला. चौथं, शेपटी. पाल किंवा सापसुरळी जशी चटकन शेपटी टाकून पळते तसं बहुतेक ड्रॅगनना जमत नाही. अगामांसारख्या काहींची तुटते आणि थोडीफार वाढतेही, पण कुंपणावरच्या सरड्याची तुटली की तुटली. म्हणून त्याला उचलायची वेळ आलीच तर शेपटीला हात लावू नका.

कुंपणावरचा सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर, जरा जवळून बघू. धड बोटभर, शेपटी त्याच्या दुपटीहून लांब. मानेपासून पाठीवर मागे जाणारा काट्यांचा तुरा, नरात जास्त उठावदार. कानाच्या पडद्याच्या वर एकमेकांपासून सुटे असे दोन छोटे काटे. आता कुशीकडे बघा. तिथल्या खवल्यांची टोकं मागे आणि वर, पाठीकडे वळलेली असतात. शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला तर टोकं बोटाला अडतात. याच्यासारखाच दिसणारा, पश्चिम घाटातल्या जंगलात राहणारा एक सडपातळ सरडा आहे. त्याच्या कुशीचे खवले मागे आणि खाली वळलेले, आणि खांद्यापुढे कातडीची तिरपी घडी. एवढ्याशा फरकावरून जुने अभ्यासक त्यांना वेगळ्या जाती म्हणत, पण प्रजाती एकच ठेवत. २०१८ साली जनुकं आणि हाडं तपासून तो ‘मोनिलेसॉरस’ या नव्या प्रजातीत गेला. खवल्याच्या टोकाची दिशा उगाच नोंदवत नव्हतो, याचं त्या दिवशी फार समाधान वाटलं.

दिमाखाच्या अवयवांकडेही याच दृष्टीने बघावं. ते दिसायला नवे वाटतात, पण बहुतेक जुन्याच हाडांचे आहेत. उडत्या सरड्याचे पंख म्हणजे लांबलेल्या पाच ते सात जोड बरगड्यांवर ताणलेली कातडी. पाय मोकळेच राहतात. झेप घेतल्यावर तो पुढच्या पायांनी त्या पडद्याची कड धरतो आणि दिशा सांभाळतो. एका झेपेत ६० मीटरपर्यंत जाऊ शकतो. अंडी घालायला मात्र मादीला जमिनीवर उतरावंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या झालरवाल्या सरड्याची मानेभोवतीची झालर जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडा-कुर्च्यांच्या सांगाड्याने उघडते. जबडा वासला की छत्रीच्या काड्या ताणाव्यात तशी ती पसरते. गळ्याखालचा पंखा फुलवणारे सरडेही तोच सांगाडा वापरतात. बरगडी आणि जिभेखालचं हाड, या दोन गोष्टी ताणून या कुळाने आपली बरीचशी शोभा उभी केली आहे.

मोलोकचे काटे निराळे; ते खवल्यांचेच वाढलेले उंचवटे. पण खरी करामत काट्यांच्या मधल्या फटींत आहे. खवल्यांमधल्या केसासारख्या बारीक खाचा एकमेकींना जोडलेल्या असतात. मोलोक ओल्या वाळूत उभा राहिला किंवा अंगावर दव पडलं, की पाणी या खाचांमधून आपोआप चढत तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येतं, आणि तो जबडा हलवत ते पितो. मानेवर त्याला एक मोठा गोळाही असतो. धोका दिसला की तो खरं डोकं पुढच्या पायांत खाली घालतो आणि हा खोटा डोक्यासारखा भाग वर राहतो.

रंगाविषयी गैरसमज फार आहेत. सरडा रंग बदलतो तो पार्श्वभूमीशी जुळवून घेण्यासाठी, असं सहज बोललं जातं. बहुतेक वेळा कारण ऊब किंवा राग असतं. सकाळी अंग गार असताना तो गडद होतो, ऊन शोषून घेतो. तापला की फिकटतो. विणीच्या काळात नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात, गळ्यावर काळा डाग उमटतो, आणि तो उंच जागी बसून पुढच्या पायांवर उठबशा काढतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण कोणीतरी नीट बघून केली असावी, कारण तो नर आपला इलाका खरोखरच त्या उंच जागेवरून राखत असतो. लाल गळ्यामुळे त्याला रक्तपिपासू ठरवलं गेलं आहे. तो कोणाचं रक्त पीत नाही, विषारीही नाही.

बाह्य रूप किती फसवू शकतं याचं टोकाचं उदाहरण दाढीवाला ड्रॅगन. यात लिंग गुणसूत्रांवर ठरतं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पण अंडी ३२ अंश सेल्सिअसच्या वर उबवली गेली, तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येतं. हे २००७ साली प्रयोगशाळेत कळलं आणि २०१५ साली मोकळ्या रानातल्या प्राण्यांतही आढळलं. अशा माद्या अंडीही घालतात.

वर्गीकरण अजून हलतं आहे, हेही सांगायला हवं. पंख्याच्या गळ्याचे सगळे सरडे पूर्वी ‘सिताना’ या एकाच प्रजातीत होते. २०१६ साली सह्याद्रीचा उत्तर भाग आणि दख्खनच्या पठारावरचे मोठ्या, रंगीत गळ्याचे सरडे वेगळे काढले गेले, आणि त्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं गेलं. आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द असा जगभरच्या याद्यांत गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. या दोन्ही प्रजातींच्या मागच्या पायाला पाचाऐवजी चारच बोटं असतात. मैदानी सरडा ओळखायला याहून सोपी खूण नाही. २०२१ साली तर कुंपणावरच्या साध्या सरड्याचीच पाळी आली. दक्षिण आशियाभर एकच जात समजली जात होती, तिचे चार भाग झाले. कॅलोटिस व्हर्सिकलर हे मूळ नाव दक्षिणेकडच्या सरड्यांकडे राहिलं.

म्हणून ओळख पटवायची असेल तर पाठीवरून काढलेला एक सुंदर फोटो पुरत नाही. डोक्याची बाजू काढा, कानाचा पडदा आणि त्यावरचे काटे दिसतील असा. कुशीचे खवले टोकांसकट स्पष्ट येऊ द्या, मागच्या पायाची बोटं मोजता येऊ द्यात, आणि ठिकाण व महिना लिहा. जबडा बघायला जिवंत सरड्याचं तोंड उघडायच्या भानगडीत पडू नका. फार तर तो स्वतःच आ वासून धमकावतो तेव्हा टिपा. त्या क्षणी काठावरची ती करवत दिसून जाते.